फुलातला चाप: गवती ट्रिगरप्लांट कोणाच्या कुळातलं?

सिडनीच्या पश्चिमेला ब्लू माउंटन्सचे डोंगर आहेत. आम्ही गेलो तो नोव्हेंबर होता, म्हणजे तिकडचा वसंत सरत आलेला. पायवाटेच्या कडेला वालुकाश्माच्या फटीत गवताचा एक झुपका दिसला. झुपक्याच्या मधोमध हातभर उंच सरळ दांडा आणि दांड्याला गुलाबी फुलं. माझी भाची तिकडेच शिकते. ती म्हणाली, "मामा, एक काडी घे आणि ह्या फुलाच्या घशात हळूच टेकव."

टेकवली. काय झालं ते डोळ्यांना दिसलंच नाही. काडीला बारीकसा झटका लागला एवढंच बोटांना कळलं. पाहतो तर इतका वेळ पाकळ्यांच्या मागे वाकून बसलेला दोऱ्याएवढा दांडा पुढे येऊन काडीवर डोकं टेकून होता, आणि काडीच्या टोकाला परागांची पूड लागली होती.

हे गवती ट्रिगरप्लांट. शास्त्रीय नाव स्टायलिडियम ग्रॅमिनिफोलियम. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा चाप, आणि नाव अगदी नेमकं आहे. त्या दिवसापासून ह्या झाडानं मला जे पकडलं ते अजून सोडलेलं नाही. फूल झटका कसं देतं हे कुतूहल पहिल्या आठवड्यातच बरंचसं भागलं. पण 'हे झाड कोणाचं कोण?' हा प्रश्न जास्त खोल निघाला. ज्या गोष्टीमुळे हे फूल आपल्या नजरेत भरतं, त्याच गोष्टीनं त्याचं कुळ शोधणाऱ्यांना वेळोवेळी चकवलं आहे.

आधी तो चाप समजून घेऊ. साध्या फुलात, उदाहरणार्थ जास्वंदीत, पुंकेसर कुठले आणि कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, कुठली हे वेगवेगळं दाखवता येतं. ट्रिगरप्लांटमध्ये दोन पुंकेसर आणि कुक्षिवृंत, म्हणजे कुक्षीचा देठ, एकमेकांना चिकटून त्यांचा एकच दांडा झालेला असतो. त्याला स्तंभ म्हणतात. फुलाला पाकळ्या पाच, पण ठळक दिसतात चारच. पाचवी आखडून इवलीशी जीभ होऊन राहते. स्तंभ फुलाच्या घशातून निघतो, बाहेर वळतो आणि मागच्या बाजूला वाकून दबा धरतो. मधमाशी मधासाठी तोंड आत घालते, तिचा स्पर्श स्तंभाच्या बुडाशी होतो आणि स्तंभ तिच्या अंगावर उसळतो. ह्याला लागतात साधारण १५ मिलिसेकंद. आपली पापणी लवायला १०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो, म्हणजे एकदा डोळा मिचकावला तर तेवढ्यात सगळं होऊन गेलेलं असतं. मला काही दिसलं नाही त्याचं कारण हेच.

झाडाला स्नायू नसतात. मग हा जोर येतो कुठून? कोमेजलेल्या कोथिंबिरीवर पाणी मारलं की ती थोड्या वेळानं ताठ उभी राहते, ते आठवा. पेशींत पाणी भरतं, आतून दाब चढतो, काडी ताठरते. स्तंभाच्या वाकाशी असलेल्या पेशी हेच करतात, पण फार हिशेबानं. पोटॅशियम आणि क्लोराइडचे आयन आत घेतले जातात, त्यांच्यामागे पाणी येतं, दाब वाढत जातो आणि धनुष्याची दोरी ओढून धरावी तसा ताण तयार होतो. स्पर्श झाला की पेशींमधून विजेचा एक बारीकसा संदेश धावतो आणि तो ताण एका क्षणात सुटतो. मग काही मिनिटं हळूहळू दोरी पुन्हा ओढायची. गारठ्यात हे सगळंच मंदावतं.

लाजाळूचंही असंच असतं. तिथेही विजेचा संदेश, तिथेही पेशींतल्या पाण्याचा खेळ. फरक एवढाच की लाजाळूची पानं मिटताना आपण निवांत बघू शकतो. बेल्जियमच्या शार्ल मोरां यांनी १८३८ साली ह्याच गवती ट्रिगरप्लांटच्या हालचालीवर आणि रचनेवर अभ्यास प्रसिद्ध केला होता. संथ चित्रफीत नाही, विजेचा संदेश मोजणारं यंत्र नाही, नुसतं भिंग, सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी. मला त्या माणसाबद्दल अतोनात आदर वाटतो.

स्तंभाच्या टोकाला आधी परागकोश उघडतात. ही फुलाची नर अवस्था. ह्या काळात येणाऱ्या माशीच्या अंगावर पराग थापले जातात. पुढे परागकोश सुकतात आणि त्यांच्यामधून कुक्षी वर येते. आता फूल मादी अवस्थेत. स्तंभ तोच, उसळी तीच, पण ह्या वेळी तो दुसऱ्या फुलाकडून आलेले पराग माशीच्या अंगावरून उचलून घेतो. ज्या हातानं द्यायचं त्याच हातानं नंतर घ्यायचं, त्यामुळे हात दोन्ही वेळा एकाच जागी पडायला हवा. दांड्यावर खालची फुलं आधी उमलतात, म्हणून भिंग घेऊन नीट पाहिलं तर एकाच दांड्यावर खाली कुक्षी आणि वर पराग अशा दोन्ही अवस्था सापडतात. भाचीनं मला त्या दिवशी त्या दाखवल्या.

पश्चिम ऑस्ट्रेलियात ह्याची आणखी एक पायरी बघायला मिळते. तिथे एकाच माळावर ट्रिगरप्लांटच्या कितीतरी जाती शेजारीशेजारी फुलतात आणि पुष्कळदा त्याच माश्या सगळ्यांकडे येतात. मग परागांची सरमिसळ का होत नाही? एका जातीचा स्तंभ माशीच्या डोक्यावर आदळतो, दुसरीचा पाठीवर, तिसरीचा पोटाखाली. एसटीच्या एकाच गाडीतून चार गावांची टपालाची थैली जावी आणि प्रत्येक थैलीची जागा ठरलेली असावी, तसं. शेजारी वाढणाऱ्या जातींमध्ये स्तंभाची लांबी आणि आपटण्याची जागा वेगळी पडलेली असते, हे आर्मब्रस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली मोजमापं घेऊन दाखवलं.

आता कुळाकडे वळू. त्याआधी शब्दांचा एक गुंता सोडवायला हवा, कारण वर्तमानपत्रांत 'प्रजाती' हा शब्द सर्रास चुकीच्या अर्थानं येतो. सगळ्यात खालची पायरी जाती. एकमेकींना जवळच्या जाती मिळून एक प्रजाती. प्रजाती मिळून कुल, आणि कुलं मिळून गण. आपल्या झाडाच्या नावात 'स्टायलिडियम' ही प्रजाती, आणि पुढचा 'ग्रॅमिनिफोलियम' हा शब्द जोडला की ती नेमकी जाती कळते. स्टायलिडियम हा शब्द खांबासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला, म्हणजे 'छोटा खांब', तो स्तंभ. ग्रॅमिनिफोलियम म्हणजे गवतासारख्या पानांचं.

हे नाव स्वीडनच्या ओलोफ स्वार्ट्झ यांनी सुचवलं आणि बर्लिनच्या विल्डेनो यांनी १८०५ मध्ये छापून जाहीर केलं. त्या काळी झाडांची मांडणी लिनियसच्या पद्धतीनं होई. फुलात पुंकेसर किती, ते कसे बसलेत, हे बघायचं आणि झाड त्या खणात टाकायचं. पुंकेसर आणि कुक्षिवृंत एकत्र जुळलेली फुलं ज्या वर्गात जात त्याचं नाव गायनँड्रिया. ह्या वर्गात मुख्य भरणा आमरींचा, म्हणजे ऑर्किडचा. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडाला झाडाच्या फांदीवरून लोंबणारी सीतेची वेणी पाहिली असेल, तिच्याही फुलात असाच जुळलेला स्तंभ असतो. झालं! ट्रिगरप्लांट जाऊन बसलं आमरींच्या पंगतीला.

ही केवढी चूक होती ते असं पाहा. आमरी एकदल, ट्रिगरप्लांट द्विदल. म्हणजे एकीकडे ज्वारी आणि दुसरीकडे हरभरा, इतकं अंतर. त्यात गवती ट्रिगरप्लांटची पानंही लांब, अरुंद, बुडाशी झुपका करून वाढणारी, त्यामुळे ते एकदल आहे असं वरवर वाटतंही. मात्र पानांवरून फसवणूक होते आणि स्तंभावरूनही. वनस्पतींच्या दोन लांबच्या घराण्यांनी पराग देण्याची एकच युक्ती स्वतंत्रपणे शोधून काढली, एवढाच त्या साम्याचा अर्थ. आपली पद्धत सोयीसाठी आहे, खऱ्या नात्यांसाठी नाही, हे लिनियसलाही ठाऊक होतं, त्यामुळे दोष त्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

ह्या झाडांना त्यांचं स्वतःचं कुल मिळालं १८१० मध्ये, रॉबर्ट ब्राउन यांच्यामुळे. शाळेत 'ब्राउनियन गती' शिकलो ते हेच ब्राउन. त्याआधी दर्यावर्दी फ्लिंडर्सच्या जहाजावरून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यानं फिरून त्यांनी हजारो वनस्पती गोळा केल्या होत्या. एकाच लक्षणावर भिस्त न ठेवता फूल, फळ, बी, पान सगळं एकत्र धरून नातं ठरवायचं, ही त्यांची रीत. त्या रीतीनं स्टायलिडिएसी हे कुल उभं राहिलं.

आणि ह्या कुलाचा गण कोणता असेल? अ‍ॅस्टरेलीज. सूर्यफुलाचा गण! झेंडू, शेवंती, श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीचे उतार पिवळे करणारी सोनकी, ही सगळी ह्याच गणातली. डोंगरात उंच वाढणारा पांढऱ्या फुलांचा देवनळ आणखी एका वेगळ्या कुलातला, पण गण हाच. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे पटायला वेळ लागला. झेंडू आणि हे उसळणारं फूल, कुठे काय जुळतं? जुळतं ते आत. ह्या गणातल्या पुष्कळ झाडांत साखरेचा साठा पिष्टाच्या रूपात न राहता इन्युलिन नावाच्या पदार्थाच्या रूपात राहतो. डेलियाच्या कंदात असतो तोच. शिवाय पराग वाटायचं काम कुक्षिवृंताच्या मदतीनं करायची सवय ह्या गणात बऱ्याच ठिकाणी दिसते. सूर्यफुलाचं एखादं बारकं फूल भिंगाखाली धरलंत तर परागकोशांच्या नळीतून कुक्षिवृंत पराग ढकलत वर येताना दिसेल, पिचकारीचा दट्ट्या असतो तसा. देवनळातही तोच प्रकार. डीएनएची तपासणी सुरू झाल्यावर ह्या नात्यावर शिक्कामोर्तब झालं.

नावाचीही एक भानगड आहे आणि तिचा धागा थेट आपल्या रानात येतो. वनस्पतींच्या नावांचा नियम असा की जो आधी छापेल त्याचं नाव टिकतं. पण स्टायलिडियम हे नाव १७९० मध्येच पोर्तुगीज धर्मोपदेशक लोरेरो यांनी एका वेगळ्याच झाडाला देऊन टाकलं होतं. ते झाड आज अलँजियम प्रजातीत मोडतं, म्हणजे आपल्या अंकोलाच्या प्रजातीत. माघ-फाल्गुनात निष्पर्ण फांद्यांवर पांढरी सुवासिक फुलं येणारा अंकोल. नियम काटेकोर लावला असता तर ट्रिगरप्लांटना हे नाव मिळालंच नसतं. त्यात १८०५ मध्येच फ्रान्सच्या लाबियार्दिएर यांनी ह्याच झाडांसाठी कँडोलिया हे नाव काढलं होतं आणि पुढे काही शास्त्रज्ञ तेच वापरत राहिले. शेवटी वनस्पतिशास्त्रज्ञांनी स्टायलिडियम हे नाव 'राखीव' ठरवलं. रूढ झालेलं नाव मोडून गोंधळ वाढू नये म्हणून अशी सवलत नियमातच ठेवलेली आहे.

ह्या प्रजातीत आज ३०० हून जास्त जाती आहेत. बहुतेक सगळ्या ऑस्ट्रेलियातल्या, आणि त्यातही मोठा वाटा नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या वाळवट, निकस जमिनीचा. मूठभर जाती आशियात आहेत. श्रीलंकेत एक आढळते, आणि भारतातही पूर्वेला, बंगालच्या बाजूला, स्टायलिडियम कुंथी नावाची नाजूक जात आहे. महाराष्ट्रात ट्रिगरप्लांट नाही.

गवती ट्रिगरप्लांट मात्र पूर्व ऑस्ट्रेलियातलं. क्वीन्सलंडपासून टास्मानियापर्यंत, समुद्रकाठच्या झुडपाळ माळांपासून डोंगरांपर्यंत ते सापडतं, आणि जागोजागी वेगळं दिसतं. कुठे पान सुतासारखं, कुठे चांगलं रुंद. कुठे दांडा वीतभर, कुठे कमरेपर्यंत. एवढा फरक एकाच जातीत मावतो का? २००१ साली रॉलिंग्ज आणि लेडिजेस यांनी हा पसारा मोजून काढला आणि त्यातून डोंगरमाथ्यावरची झाडं स्टायलिडियम मोंटेनम ह्या नव्या जातीत वेगळी केली, तर स्टायलिडियम आर्मेरिया हे जुनं, बाजूला पडलेलं नाव पुन्हा वापरात आणलं. दोन झाडं एकाच जातीतली की नाहीत हे ठरवणं म्हणजे हजार पानांची रुंदी मोजणं, बिया बघणं, कुठे दोन्ही शेजारी वाढूनही वेगळी राहतात ते शोधणं. हे काम फार कमी जणांच्या नजरेला येतं, पण संरक्षण कशाचं करायचं हे त्याच्यावरच ठरतं. नावच नसलेल्या झाडाला वाचवा असं कोणाला सांगणार?

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. न्यूझीलंडच्या ओलसर डोंगराळ जागी एक बुटकं झाड वाढतं. बारीक टोकदार पानांचा झुपका आणि जमिनीलगत इवलंसं पांढरं फूल. काडी लावा, बोट लावा, काहीही हलत नाही. चापच नाही. १८६४ मध्ये जोसेफ हुकर यांनी ह्याचं वर्णन केलं ते स्टायलिडियममध्येच घालून. पण १८७८ मध्ये बेर्गग्रेन यांनी ते तिथून काढलं आणि त्याच्यासाठी ओरिओस्टायलिडियम ही नवी प्रजाती केली. विचार समजण्यासारखा आहे. फूल सगळ्या बाजूंनी सारखं, जिभेसारखी पाचवी पाकळी नाही, उसळी नाही; ज्याच्यात चाप नाही त्याला ट्रिगरप्लांट कसं म्हणायचं? शंभरहून जास्त वर्षं ते तसंच वेगळं राहिलं.

मग १९९९ मध्ये लॉरां आणि ब्रेमर यांच्या गटानं कुलातली नाती नव्यानं तपासली, २००२ मध्ये वॅगस्टाफ आणि वेगे यांनी न्यूझीलंडच्या जाती घेऊन डीएनए पाहिला. उत्तर एकच आलं. हे चाप नसलेलं झाड स्टायलिडियमच्या बाहेर नाही, अगदी आत आहे, आणि त्याच्या जवळच्या नातलगांत आपलं गवती ट्रिगरप्लांट येतं. मग चाप गेला कुठे? ट्रिगरप्लांटची अगदी कोवळी कळी उघडून पाहिली तर तिच्यात पाकळ्या जवळजवळ सारख्या आणि स्तंभ सरळ असतो. वाक, जीभ, उसळी हे सगळं कळी मोठी होता होता येतं. न्यूझीलंडच्या झाडात फूल त्या कोवळ्या रूपातच थांबतं आणि तसंच फळ धरतं. माशीवाचून, स्वतःच्याच परागांवर त्याचं भागतं. बालपणीचं रूप घेऊनच प्रौढ झालेलं फूल!

आपल्याकडे एखाद्या घराण्यातली शाखा गाव सोडून दुसरीकडे जाते, नव्या गावाच्या नावाला 'कर' जोडून आडनाव घेते, बोलण्याची ढबही बदलते. चार पिढ्यांनी कोणी वंशावळ काढायला बसलं आणि आडनाव वेगळं म्हणून त्या शाखेला वगळलं, तर ती वंशावळच खोटी ठरेल. कुलदैवत विचारा, लगेच कळेल. वर्गीकरण करणारे आज हाच आग्रह धरतात: एका पूर्वजाची सगळी लेकरं एका नावाखाली यायला हवीत, कोणी वेगळं दिसतं म्हणून त्याला वगळायचं नाही. ह्या हिशेबानं हुकर यांनी आधी केलं होतं तेच बरोबर होतं.

ह्याच्या उलट टोकाला लेवेनहूकिया. ही ह्याच कुलातली दुसरी प्रजाती, इवल्याशा झाडांची. हिच्यातही झटका आहे, पण तिथे स्तंभ जागचा हलत नाही. उडते ती जीभ. म्हणजे चाप आहे पण प्रजाती वेगळी, आणि तिकडे चाप नाही पण प्रजाती तीच.

दांड्यावरच्या चिकट केसांबद्दलही सांगायला हवं. भिंगातून पाहिलं तर दांड्यावर आणि फुलाच्या मागे बारीक केस असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला चकाकणारा थेंब. कास पठारावर गवताच्या आडोशाला कीटक खाणारं दवबिंदूचं झाड वाकून पाहिलेल्यांना ते ओळखीचं वाटेल. त्या थेंबांत चिलटं अडकतात. २००६ मध्ये डार्नोव्स्की आणि सहकाऱ्यांनी तिथे प्रथिनं पचवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असल्याचं दाखवलं आणि हे झाड थोडंफार मांसाहारी असावं असा मुद्दा मांडला. नंतरच्या अभ्यासांनी त्यावर शंका घेतली आहे. मध आणि पराग फुकट खायला चढणाऱ्या किड्यांना अडवण्यासाठीच हे केस असतील, हे मला जास्त पटतं. दवबिंदूशी ह्याचं नातं मात्र अजिबात नाही. पुन्हा तोच चकवा.

त्या दिवशी आम्ही त्या झुपक्यापाशी बराच वेळ बसून राहिलो. भाचीनं फोनवर घड्याळ लावलं. उसळलेला स्तंभ आधी काही करतोय असं वाटेना. मग लक्षात आलं की तो मघापेक्षा थोडा वर आहे. नजर काढून घेतली आणि परत पाहिलं की आणखी थोडा मागे. हलताना दिसत नव्हता, पण सरकत होता, तासकाट्यासारखा. पाकळ्यांच्या मागे जाऊन त्यानं मान वाकवली तोवर एक छोटी काळी माशी दांड्याभोवती घिरट्या घालू लागली होती. भाचीनं माझ्या हातातली काडी हळूच काढून घेतली.